वाकड्या अंगणाची बाजू

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण ज्याने कोणी पहिल्यांदा उच्चारली, त्याच्या घरचं अंगण चांगलं सपाट, चोपून सारवलेलं असणार याविषयी माझ्या मनात शंका नाही. वाकड्या अंगणाच्या मालकाला असली म्हण सुचतच नाही. तो बिचारा पाय मुरगळून घरात हळद-तुरटीचा लेप लावत बसलेला असतो. शिवाय गंमत अशी, की या खटल्यात अंगणाची पाहणी कोणी केल्याचं आढळत नाही. कोणी पाणसळ लावली नाही, दोरी धरली नाही, पंचनामा नाही. एकदम निकाल! नाचणारी दोषी, अंगण निर्दोष, आणि वर म्हणीच्या रूपाने पिढ्यान् पिढ्या बदनामी.

गेली दोन वर्षं हा विषय माझ्या डोक्यात घोळतो आहे. त्याला कारण एक पिस्तूल आहे. दचकू नका. पिस्तूल माझं नाही, आणि ते हवेचं आहे. साडेचार मिलिमीटरचे शिशाचे छर्रे मारणारं, स्पर्धेचं पिस्तूल. 2016 च्या शस्त्र नियमांप्रमाणे एवढ्या माफक ताकदीच्या हवाई हत्याराला परवाना लागत नाही. तरीही आमच्या वडगाव निंबाळकरला पोलीस ठाणं गावातच असल्यामुळे, पुतण्याने ते पहिल्यांदा घरी आणलं त्या दिवशी आमच्या आईने पुढच्या दाराला कडी लावून घेतली होती.

आमचं गाव बारामतीहून नीरेकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस पिकतो आणि उसाच्या पैशावर बाकीचं सगळं. नेम धरणं हा प्रकार आम्हांला अगदीच नवा नाही. ज्वारीच्या माळ्यावर उभं राहून गोफणीने पाखरं हाकणारी माणसं मी लहानपणी पाहिलेली आहेत. पण गोफणीत एक सोय होती. धोंडा पाखराला लागला नाही तरी पाखरू उडायचंच, आणि काम झाल्याचं समाधान मिळायचं. कागदावरचं वर्तुळ उडत नाही. ते तिथेच राहतं आणि तुम्ही कुठे चुकलात ते जगाला दाखवत राहतं.

हे वर्तुळ फार दुष्ट असतं. दहा मीटरवरून एका हाताने पिस्तूल धरायचं आणि मधोमध असलेला दहा गुणांचा ठिपका टिपायचा. त्याचा व्यास साडेअकरा मिलिमीटर, म्हणजे आपल्या सदऱ्याच्या बटणाएवढा. असे साठ छर्रे, दहा-दहाच्या सहा फेऱ्यांत, पंचाहत्तर मिनिटांत मारायचे. आमच्या जुन्या गोठ्यातली म्हैस विकल्यावर तिथे भिंतीपासून भिंतीपर्यंत बरोबर दहा मीटर आणि वर चार बोटं भरली, तेव्हा हा दैवी संकेत आहे असं पुतण्याने जाहीर केलं. दैवी संकेत होता की नाही माहीत नाही. म्हशीचा वास मात्र अजून येतो.

आता मुद्द्याची गोष्ट. पुतण्याचे पहिले चाळीस छर्रे चांगले पडायचे. पाचव्या फेरीपासून घसरण सुरू व्हायची आणि सहाव्या फेरीत तर त्याचा कागद पाहवत नसे. माझा धाकटा भाऊ, म्हणजे त्याचा बाप, याचं निदान तयार होतं: "रात्री दोन दोन वाजेपर्यंत मोबाइल बघायचा, मग हात कापणार नाही तर काय!" पुतण्याचं निदानही तयार होतं: "आप्पा, पिस्तूल जुनं आहे." ते एका क्लबाकडून अनामत भरून आणलेलं होतं आणि माझ्या पुतण्याच्या आधी निदान चार-पाच जणांच्या हातांतून गेलेलं होतं. नवं परदेशी घ्यायचं तर दीड-दोन लाखांच्या घरात. भाऊ एका संध्याकाळी ओट्यावर येऊन बसला. बराच वेळ तंबाखू मळत राहिला आणि म्हणाला, "दादा, तुम्ही शिकलेले. तुम्हीच सांगा. पोराचा हात वाकडा का पिस्तूल?"

हा प्रश्न वरवर दिसतो तितका साधा नाही. हात वाकडा म्हणावं तर एकोणीस वर्षांच्या पोराला आपण सांगतो आहोत, की बाबा, तुझ्यात काही नाही. असं एकदा सांगितलेलं पोर जन्मभर विसरत नाही. पिस्तूल वाकडं म्हणावं तर भावाचा एका हंगामाचा ऊस त्या पिस्तुलाच्या नळीत जातो. आणि नव्या पिस्तुलानेही सहाव्या फेरीत तीच रड झाली तर? बरं, आपल्या परंपरेने याचं उत्तर आधीच देऊन ठेवलेलं आहे. नाचता येईना.

भावानेही तेच टोक धरलं होतं. त्याच्या तोंडी त्या दिवसांत एकच नाव असे, स्वप्नील कुसाळे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा, तेव्हा रेल्वेत तिकीट तपासनीस होता. 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये पन्नास मीटर रायफल, तीन स्थितींच्या प्रकारात त्याने 451.4 गुण मिळवून ब्राँझपदक आणलं. त्या प्रकारात भारताला मिळालेलं ते पहिलंच पदक. "खेड्यातलाच ना? त्याला कुणी गोठा तरी दिला होता का?" असं भाऊ विचारायचा. पुतण्या पुटपुटायचा, "पण आप्पा, त्याच्याकडे रायफल होती." मला पुतण्याचं म्हणणं बिनतोड वाटलं. खेड्यातून वर आलेल्या माणसाचं उदाहरण देण्यात एक मोठी सोय असते. आपल्याला समोरच्याला काही द्यावं लागत नाही.

त्याच पॅरिसमधला तो तुर्की नेमबाज आठवतो ना? युसुफ दिकेच. एक हात खिशात, डोळ्यांवर साधा चष्मा, अंगात टी-शर्ट, वय एक्कावन्न, आणि मिश्र सांघिक एअर पिस्तूलमध्ये रौप्यपदक. त्याचा फोटो जगभर फिरला आणि आमच्या पारावरही आला. पारावरचा निष्कर्ष असा निघाला, की बघा, काही साहित्य लागत नाही, मनगटात दम पाहिजे. आता खरी हकिगत अशी, की खिशात हात घालणं ही काही त्याची ऐट नव्हती. मोकळा हात लोंबकळत राहिला तर शरीर हलतं, म्हणून पुष्कळ पिस्तूल नेमबाज तो खिशात नाही तर पट्ट्यात अडकवतात. आणि दुसऱ्या हातात होतं ते पिस्तूल बाकीच्यांसारखंच स्पर्धेचं, अव्वल दर्जाचं होतं. शिवाय हे गृहस्थ 2008 पासून प्रत्येक ऑलिंपिकला जात होते. पण फोटोत सोळा वर्षांचा सराव दिसत नाही आणि पिस्तुलाची किंमत तर त्याहून दिसत नाही. फोटोत फक्त खिसा दिसतो.

मात्र मी पुतण्याची वकिली करतो आहे असं समजू नका. कारण या पोराला दुसराही एक रोग जडलेला होता, आणि तो नेमबाजांपुरता मर्यादित नाही. त्या रोगाचं नाव स्क्रूड्रायव्हर. हवेच्या पिस्तुलाला इतके स्क्रू असतात, की बनवणाऱ्याला नेमबाजांच्या मोकळ्या वेळाची काळजी असावी. एकाने ट्रिगर पुढे-मागे होतो, एकाने त्याचा ताण बदलतो, एकाने तो दाबून कुठे थांबायचा ते ठरतं. मागच्या साइटला कटकट वाजणारी दोन चाकं. पुढची माशी वेगळी. लाकडी मूठ तर कानशीने घासायची, लांबी भरायची, पुन्हा घासायची, की हाताच्या घड्या नि घड्या तिच्यात बसल्या पाहिजेत. ट्रिगरचा ताण निदान पाचशे ग्रॅम असलाच पाहिजे असा नियम आहे आणि स्पर्धेच्या आधी तेवढं वजन ट्रिगरला टांगून तपासतात. वजन उचललं गेलं नाही तर पिस्तूल बाद. त्यामुळे आमच्या पुतण्याने आजीचं चहासाखरेचं माप लंपास केलं, दोऱ्याने ट्रिगरला टांगलं, आणि एक अख्खा श्रावण त्याच्या पाचशे एक ग्रॅमवर खर्च केला.

या खटपटीत एक फार मोठं सुख आहे. काम केल्याचा सगळा आनंद आणि काम करायचं नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी वह्यांना कव्हरं घालणारी मुलं, लिहायला बसण्याआधी टेबल आवरणारे लेखक, दीड तास तंबोरा लावून पाऊण तास गाणारे आमच्या ओळखीचे एक बुवा, सगळे त्याच पंथाचे. शेवटी नेम चुकला तर चुकू दे. उद्यासाठी एक स्क्रू शिल्लक आहे ना!

पिस्तूलबाजीतल्या एका पंथाने तर या स्क्रूला देव्हाऱ्यातच बसवलं आहे. त्याला व्यावहारिक नेमबाजी म्हणतात. 1976 साली अमेरिकेत, मिसूरी राज्यातल्या कोलंबिया गावी याची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली. तिचं ब्रीद लॅटिनमध्ये आहे आणि त्याचा अर्थ नेमकेपणा, ताकद, वेग असा सांगतात. यात एका जागी उभं राहायचं नाही. शिट्टीसारखा आवाज झाला, की कमरेचं पिस्तूल काढायचं, आडोशामागून धावत धावत कागदी आणि लोखंडी लक्ष्यांवर गोळ्या झाडायच्या, पळतापळता मॅगझिन बदलायचं. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागायचं आणि येईल ती तुमची लायकी. त्यांच्यातला 'ओपन' म्हणून जो गट आहे, त्यात पिस्तुलावर लाल ठिपक्याची दुर्बीण, धक्का कमी करायला नळीच्या तोंडाशी भोकं पाडलेला तुकडा, मॅगझिन पटकन आत जावं म्हणून मुठीच्या तळाशी नरसाळ्यासारखं तोंड, असं सगळं चालतं. पुष्कळ जण काडतुसंसुद्धा स्वतःच घरी भरतात. आपल्याकडे हा खेळ फारसा रुजण्यासारखा नाही. 1959 च्या शस्त्र कायद्याखाली पिस्तुलाचा परवाना मिळवण्यातच माणूस धावून धावून थकतो, मग स्पर्धेत धावायला अंगात काय उरणार? आणि निवडणूक लागली की गावोगावची परवान्याची हत्यारं पोलीस ठाण्यात जमा होतात. आमच्या भागात ती केव्हा लागलेली नसते?

पण या पंथाचा एक नियम वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. स्पर्धा चालू असताना तुमचं पिस्तूल अडलं किंवा काडतूस फुसकं निघालं, तर दुसरी संधी नाही. घड्याळ चालू, तुमचं तुम्ही सोडवा. मात्र आयोजकांनी उभं केलेलं लक्ष्य वाऱ्याने पडलं किंवा त्याची कळच बिघडली, तर केलेली सगळी फेरी रद्द करून पुन्हा संधी द्यावीच लागते. म्हणजे घुंगरू तुटलं तर तुझं तू बघ, अंगण वाकडं निघालं तर नाच पुन्हा! अमेरिकेतल्या त्या मंडळींना आपली म्हण ठाऊक नसणार. पण अंगणाची पाहणी करून निकाल द्यायचा असतो एवढं त्यांना कळलं होतं.

ऑलिंपिकचा पंचवीस मीटर पिस्तूलचा कायदा याहून दयाळू आणि त्याहून चतुर आहे. हा आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतचा प्रकार. 2018 च्या जाकार्ता एशियाडमध्ये अंतिम फेरीत ती आणि थायलंडची एक मुलगी बरोबरीत राहिल्या. बरोबरी सोडवायला दोघींमध्ये पुन्हा फेरी झाली, त्यातही बरोबरी, मग आणखी एक फेरी, आणि सुवर्णपदक राहीचं. या प्रकाराच्या जलद भागात दर गोळीला तीन सेकंद मिळतात, सात सेकंद हात खाली, मग पुन्हा तीन सेकंद. अशा घाईत पिस्तूल अडलं तर काय करायचं? नियम म्हणतो: पिस्तूल लक्ष्याकडेच रोखून धरा, त्याला काही करू नका, मोकळा हात वर करा आणि उभे राहा. पंच येईल. तो पिस्तूल हातात घेऊन बघेल. दोष खरोखर यंत्राचा निघाला तर तुम्हांला पुन्हा संधी. पण काडतूस भरायचंच राहिलं असेल, सेफ्टी काढली नसेल, मागच्या गोळीनंतर ट्रिगर पुरता पुढे सोडला नसेल, तर दोष तुमचा. आणि सगळ्यांत कडक कलम हे, की पंच येण्याआधी तुम्ही पिस्तूल उघडलंत किंवा सेफ्टीला हात लावलात, तर खरं कारण काही का असेना, दोष तुमच्याच नावावर.

या शेवटच्या कलमावर मी बरेच दिवस विचार करतो आहे. आपण जन्मभर करतो काय? काही अडलं की पहिल्यांदा ते उघडून बसतो. संसार अडला, नोकरी अडली, पोराचा अभ्यास अडला, की दहा ठिकाणी हात घालून सगळे स्क्रू फिरवतो, मग पंचाला बोलावतो. तोवर मूळ दोष कुठे होता हे ब्रह्मदेवालाही कळायची सोय राहिलेली नसते. आणि हात वर करून नुसतं उभं राहणं किती अवघड! चार माणसांसमोर हात वर करायचा म्हणजे 'माझं अडलं आहे' असं कबूल करायचं. शिवाय पंच येऊन म्हणाला, 'तुम्ही गोळीच भरलेली नाही,' तर?

दहा मीटरच्या हवाई पिस्तुलाला ही दया नाही. मनू भाकरचं टोकियोतलं प्रकरण तुम्हांला आठवत असेल. 25 जुलै 2021, पात्रता फेरी चालू, आणि तिच्या पिस्तुलाचा एक दांडा मोडला. दुरुस्ती करायची मुभा होती, पण घड्याळ थांबत नव्हतं. पंधरा-वीस मिनिटं तिथेच गेली. उरलेल्या वेळात तिने उरलेले शॉट्स मारले, बारावी आली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. आमच्या पारावर लगेच म्हण ऐकू आली. मी त्या पारावरच्या लोकांना दोष देत नाही, मोडलेला दांडा काही पारावर आला नव्हता. तीन वर्षांनी पॅरिसला त्याच प्रकारात तिने ब्राँझपदक घेतलं. दोनच दिवसांनी मिश्र सांघिकमध्ये सरबज्योत सिंगबरोबर दुसरंही घेतलं. तेव्हा पार म्हणाला, "आम्हांला माहीतच होतं, पोरीत दम आहे." दम टोकियोतही होता. टोकियोत दांडा नव्हता.

उलट बाजूचाही दाखला द्यायला हवा, नाही तर तुम्ही म्हणाल हा माणूस सगळ्यांना सवलती वाटत सुटला आहे. हंगेरीच्या कारोली ताकाच या सैनिकाचा उजवा हात 1938 साली ग्रेनेड फुटून निकामी झाला. तो पिस्तूल नेमबाज होता आणि तोच त्याचा नेम धरायचा हात. याच्याइतकं वाकडं अंगण कोणाला मिळालं असेल? त्याने कोणाला न सांगता डाव्या हाताने सराव सुरू केला, आणि 1948 ला लंडनमध्ये व 1952 ला हेलसिंकीत जलद पिस्तूलचं ऑलिंपिक सुवर्णपदक घेतलं. माझ्या भावाला ही गोष्ट सांगायचं मी कटाक्षाने टाळलं. त्याने ती लगेच गोठ्यात नेऊन पोरावर झाडली असती.

मला त्या गोष्टीतला 'कोणाला न सांगता' हा भाग महत्त्वाचा वाटतो. नेमबाजांच्या सरावात कोरडा सराव म्हणून एक प्रकार असतो. पिस्तुलात छर्रा नाही, समोर वर्तुळ नाही, नुसती पांढरी भिंत. हात उचलायचा, माशी साइटच्या खाचेत मधोमध आणायची, ट्रिगर दाबायचा, टक्. पुन्हा हात खाली. पुन्हा वर. टक्. आमचा पुतण्या पहाटे पाचला उठून हे करू लागला तेव्हा आईने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "अरे, याला बाहेरचं काही झालं नाही ना?" तिला मी महाभारतातली अर्जुनाची गोष्ट सांगितली. जेवताना वाऱ्याने दिवा विझला, तरी घास तोंडातच जातो हे त्याच्या लक्षात आलं, आणि तेव्हापासून तो अंधारात बाण मारायचा सराव करू लागला. आईला पटलं. फक्त ती म्हणाली, "अर्जुन जेवून तरी करायचा. हा उपाशीपोटी करतो."

कोरड्या सरावात कागद नसतो, त्यामुळे गुण नसतात. गुण नसले की दोष द्यायला काही उरत नाही. ट्रिगर दाबल्याच्या क्षणी माशी हलली की नाही, एवढंच कळतं आणि ते फक्त दाबणाऱ्याला कळतं. त्या भिंतीपुढे अंगणच नसतं. म्हणूनच बहुधा हा सराव सगळ्यांना कंटाळवाणा वाटतो आणि स्क्रूड्रायव्हर आवडतो.

असो. भावाच्या प्रश्नाचं उत्तर विचार करून निघेना, तेव्हा मी पाणसळ लावायचं ठरवलं. आमच्याकडे ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि नांगराचे फाळ दुरुस्त करणारे एक मेस्त्री आहेत. त्यांच्या बाकावर लोखंड घट्ट धरायचा भलाथोरला व्हाइस आहे. त्यात जुन्या टायरच्या ट्यूबचे तुकडे घालून आम्ही पिस्तूल आवळलं. दहा मीटर मोजून भिंतीला फळी उभी केली, तिच्यावर कागद, आणि तिकडे कोणी जाऊ नये म्हणून भावाला रस्त्यावर उभं केलं. आता माणसाचा हात खटल्यातून बाद. पुतण्याने एकामागून एक साठ छर्रे मारले आणि दर दहांनंतर मी कागद बदलला. बघायला आठ-दहा माणसं जमली. आमच्या गावात व्हाइसमध्ये काहीही धरलं तरी तेवढी जमतात.

पहिले चार कागद म्हणजे डोळ्यांचं पारणं. दहा छर्‍यांचं मिळून एक भोक, हरभऱ्याएवढं. पाचव्या कागदावर भोक लांबट झालं. सहाव्या कागदावर छर्रे सरळ एक घर खाली उतरले होते. पिस्तुलाच्या सिलिंडरमधली हवा जसजशी कमी होते, तसतसा छर्‍यामागचा दाब सारखा ठेवायला आत एक झडप असते, ती थकली होती. दाब कमी, छर्रा हळू, म्हणून खाली. पुतण्याने आप्पांकडे असं पाहिलं, की पाणिपतचा निकाल बदलून आला आहे.

पण मी पिशवीतून त्याचे जुने कागद काढले. आईने ते फडताळात अंथरायला जपून ठेवले होते म्हणून मिळाले. त्या सहाव्या फेऱ्यांत छर्रे खाली होतेच, पण खाली आणि डावीकडे होते. व्हाइसमधलं पिस्तूल एकदाही डावीकडे गेलं नव्हतं. उजव्या हाताचा माणूस दमला आणि त्याने ट्रिगर हळू दाबायच्याऐवजी ओढला, की छर्रा डावीकडे जातो, हे पुतण्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. मेस्त्रींनी दोन्ही कागद उन्हात शेजारी शेजारी धरले आणि निकाल दिला, "खाली गेलंय ते पिस्तुलाचं. डावीकडं गेलंय ते पोराचं." मी आजवर पाहिलेल्या न्यायनिवाड्यांत इतका स्वच्छ निवाडा दुसरा नाही.

त्या जमलेल्यांत चारीच्या पार शेवटच्या टोकाला जमीन असलेले एक गृहस्थ होते. कालव्याचं पाणी फाट्यातून चारीत येतं, चारीतून शेतांत. वरच्या अंगाला शेत असलेल्याचा ऊस पुरुषभर वाढतो आणि शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत पाळी संपत आलेली असते. वरचा माणूस पारावर बसून म्हणतो, शेवटचा आळशी आहे. त्याला शेती जमत नाही. शेवटचा म्हणतो, पाणीच येत नाही. दोघांचंही थोडं थोडं खरं असेल. शेवटचा थोडा आळशी झालेलाही असेल, कारण न येणाऱ्या पाण्यासाठी रात्र रात्र जागायचं तरी किती दिवस? ते गृहस्थ कागद बराच वेळ निरखत राहिले, आणि मग मेस्त्रींना अगदी गंभीरपणे म्हणाले, "आमची चारी धरता येईल का हो याच्यात?"

सगळे हसले. मेस्त्री मात्र हसले नाहीत. ते व्हाइसची मूठ फिरवत पिस्तूल सोडवत राहिले.

झडप पुण्याला दुरुस्त होऊन आली. दोन रबरी कड्या आणि एक स्प्रिंग, खर्च खताच्या काही पोत्यांइतका. भाऊ खूश. दीड लाख वाचले म्हणून त्याने मेस्त्रींना बोलावून जेवू घातलं. आपला मोबाइलचा सिद्धान्त निम्मा खोटा ठरला, हे त्याने जेवताना पोळीबरोबर गिळलं. नाराज झाला तो पुतण्या. मला आधी नवल वाटलं, मग उमगलं. इतके दिवस प्रत्येक वाईट कागदावर दोघांची सही होती. आता खाली एकही छर्रा जात नाही. जातो तो डावीकडे जातो, आणि डावीकडचा तर सगळा त्याचाच. एके दिवशी तो मला म्हणाला, "काका, आधीचं बरं होतं." स्क्रूड्रायव्हर त्याने आपणहून माझ्या कपाटात आणून ठेवला आहे. दर रविवारी मात्र तो काहीतरी कारण काढून माझ्याकडे येतो आणि कपाटाकडे पाहत चहा पितो.

पहाटेची टकटक चालू आहे. परवा माझा भाऊ पाण्याची पाळी करून गोठ्यावरून येत होता. पोरगा भिंतीकडे तोंड करून उभा. भाऊ थोडा वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "बघू रे, दे इकडं." उसात राबून राबून रापलेला हात तो, पिस्तूल त्याने कोयत्यासारखंच धरलं. पोराने कसं उभं राहायचं, बोट कुठे ठेवायचं, श्वास केव्हा धरायचा ते बापाला सांगितलं. बापाने निमूट ऐकलं. दहा छर्रे मारले. कागद आणला तेव्हा आम्ही सगळे गोठ्याच्या दारात होतो. दहापैकी सात चक्क काळ्या वर्तुळात होते. आणि सातच्या सात डावीकडे.

आईने चष्मा लावून कागद नीट न्याहाळला. "हे तर घराण्यातलंच आहे," ती म्हणाली. "तुमचे वडील पेरायला पाभर धरायचे, तेव्हा तासं डावीकडंच जायची."

पुतण्याने हे लक्षपूर्वक ऐकून घेतलं. पुष्कळ दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर जरा उजेड दिसला.